थंडीत पुन्हा पुन्हा फुटणारे ओठ : कारण शोधण्याचा क्रम

दिवाळी उलटून गारठा पडू लागला की आमच्या औषधांच्या दुकानात "ओठांना लावायला काहीतरी द्या" असे म्हणणाऱ्यांची ये-जा सुरू होते आणि त्यांतील बरेचसे चेहरे दरवर्षी तेच असतात. मागच्या खेपेला नेलेल्या डबीने चार दिवस बरे वाटले, मग ओठ पुन्हा उलले, म्हणून आता दुसरी डबी हवी, असे त्यांचे म्हणणे असते. कोल्हापुरात काउंटरमागे उभे राहून ही तक्रार वर्षानुवर्षे ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे की, वारंवार फुटणाऱ्या ओठांना मलमाची उणीव क्वचितच असते. रोज काहीतरी त्यांना लागत असते, आणि ते लागणे थांबेपर्यंत कितीही डब्या बदलल्या तरी उपयोग होत नाही. म्हणून खाली मलमांची यादी दिलेली नाही. कारण शोधण्याचा क्रम दिला आहे. त्यात फुकट होणारी तपासणी आधी आणि पैसे किंवा डॉक्टर लागणारी नंतर घेतली आहे.

ओठच का, हे आधी थोडक्यात. ओठांच्या लालसर भागावरची कातडी इतर ठिकाणच्या कातडीपेक्षा पुष्कळ पातळ असते. तिथे घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेल सोडणाऱ्या ग्रंथीही जवळजवळ नसतात, त्यामुळे गालाला किंवा कपाळाला मिळते तसे आपोआपचे तेलकट आवरण ओठांना मिळत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पंचगंगेकाठी धुके असले तरी दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो आणि हवा कोरडी होते. कडाक्याची थंडी कोल्हापुरात फारशी पडत नाही. ओठांना भोवतो तो हा दुपारचा कोरडेपणा, आणि त्याच वेळी डोक्यावर असणारे ऊन.

लक्षणे नीट पाहावीत

आरशासमोर, खिडकीच्या उजेडात ओठ पाहावेत. दिव्याच्या पिवळ्या उजेडात बारीक गोष्टी सुटतात.

दोन्ही ओठांवर पांढरट पापुद्रे सुटले आहेत, खालच्या ओठाच्या मधोमध एक उभी चीर आहे आणि हसताना तीतून रक्त येते, हा साध्या कोरडेपणाचा नेहमीचा नमुना आहे. ओठांच्या बाहेर, तोंडाभोवती लालसर किंवा काळपट कडे पडले असेल, तर जिभेवर संशय घ्यावा. ओठ ठीक पण दोन्ही कोपरे फाटलेले, पांढुरके आणि जांभई देताना दुखणारे असतील, तर ती तक्रार निराळी आहे आणि तिच्याविषयी पुढे लिहिले आहे. ओठांना खाज सुटते, आग होते किंवा सूज येते, तेव्हा थंडीपेक्षा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी अधिक संभवते. आधी मुंग्या आल्यासारखे होऊन मग एकाच जागी पाण्याच्या बारीक फोडांचा घोस उठत असेल, तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा प्रकार असतो. त्यावर खालचे उपाय करत बसू नये. पहिल्या दिवशीच डॉक्टरांना दाखवल्यास औषधाचा फायदा अधिक होतो. फोड वाळेपर्यंत आपला पेला आणि टॉवेल वेगळा ठेवावा आणि लहान बाळाचा मुका घेऊ नये.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा : हा त्रास थंडीपुरता आहे की बारा महिने चालतो? जून-जुलैच्या दमट हवेतही ओठ फुटत असतील, तर दोष हवेवर टाकता येणार नाही.

पहिली तपासणी : जीभ

हिला एक पैसा लागत नाही आणि सर्वांत जास्त वेळा कारण इथेच सापडते. ओठ कोरडे वाटले की जीभ आपोआप फिरते, क्षणभर बरे वाटते, आणि लाळ उडून जाताना ओठाचा स्वतःचा ओलावाही घेऊन जाते. शिवाय लाळेत अन्न पचवणारे रस असतात. ते पोळी-भातासाठी असले तरी ओठाच्या पातळ कातडीवर वारंवार बसले की तिला चुरचुरवतात. मग ओठ आणखी कोरडा पडतो, जीभ आणखी फिरते, आणि हे चक्र दिवसभर चालू राहते.

मुलांच्या बाबतीत एक सोपी खूण आहे. मुलाला जीभ बाहेर काढून ओठांभोवती फिरवायला सांगावे. तोंडाभोवतीच्या काळपट कड्याची बाहेरची कड आणि जिभेचे टोक पोहोचते ती जागा जर तंतोतंत जुळली, तर कारण सापडले. अशा मुलाला रागावल्याने सवय सुटत नाही, उलट ते लपून ओठ चाटते. त्यापेक्षा साध्या पेट्रोलियम जेलीची छोटी डबी त्याच्या दप्तरात द्यावी आणि जीभ फिरवावीशी वाटली की बोट फिरव, असे सांगावे. जेलीला चव नसते, हा तिचा इथे मोठा गुण आहे. स्ट्रॉबेरीच्या वासाचा बाम दिला की मूल तो चाटण्यासाठीच लावते.

मोठ्यांमध्ये चाटण्याऐवजी सुटलेला पापुद्रा दातांनी ओढण्याची किंवा नखाने सोलण्याची सवय असते. फोनवर बोलताना किंवा हिशेब करताना हात ओठांकडे जातो का, हे घरातल्या दुसऱ्या माणसाला दोन दिवस पाहायला सांगावे. स्वतःला ते कळत नाही. लोंबणारा पापुद्रा फारच टोचत असेल, तर स्वच्छ कात्रीने कापावा, ओढू नये, कारण ओढताना तो जिवंत कातडीपर्यंत जातो आणि भरत आलेली चीर नव्याने उघडते.

दुसरी : सध्या ओठांना काय लावले जाते

इथे दुकानदार म्हणून माझ्या गल्ल्याविरुद्ध बोलावे लागते, पण पुष्कळांच्या ओठांचे दुखणे त्यांच्या खिशातल्या बामातच असते. जो बाम लावल्यावर ओठ थंडगार होतात किंवा किंचित झिणझिणतात, त्यात बहुधा मेंथॉल, कापूर किंवा पेपरमिंट असते. तो गारवा म्हणजे औषध लागू पडल्याची खूण नव्हे. फुटलेल्या ओठाला तो त्रासदायकच ठरतो. दालचिनीचा अर्क, सुगंध आणि चवीसाठी घातलेले पदार्थ यांनीही ॲलर्जी होते. मेंढीच्या लोकरीतून मिळणारे लॅनोलिन आणि मधमाश्यांपासून मिळणारे प्रोपोलिस हे 'नैसर्गिक' म्हणून विकले जातात, तरी काहींना ते मुळीच सोसत नाहीत. दीर्घकाळ टिकणारी मॅट लिपस्टिक ओठ कोरडे करते, हे ती वापरणाऱ्या बहुतेकींना ठाऊक असते; लिपस्टिकमधल्या एरंडेलातील एका घटकाचीही ॲलर्जी होऊ शकते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

म्हणून दोन आठवडे ओठांवरचे सर्व काही बंद करावे आणि केवळ बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली लावावी. 1872 साली अमेरिकेत पेटंट घेतलेली ही वस्तू अजून मागे पडली नाही, याचे कारण साधे आहे : ती ओठात काही घालत नाही, फक्त आतले पाणी बाहेर उडू देत नाही आणि तिची ॲलर्जी फार विरळा होते. लावण्याची वेळ महत्त्वाची आहे. तोंड धुतल्यावर ओठ टिपावेत आणि ते किंचित ओलसर असतानाच जेली लावावी, म्हणजे आवरणाखाली ओलावा राहतो. कोरड्या ठणठणीत ओठांवर लावली तर तिला आत कोंडायला काही उरत नाही. जेवणानंतर, बाहेर पडताना आणि झोपण्यापूर्वी थोडा जाडसर थर, एवढे पुरते.

घरगुती उपायांचेही इथेच उरकतो. साजूक तूप किंवा ताजे लोणी चालते, मात्र लोणी बिनमिठाचे असावे आणि रात्रभर ठेवायचे तर तुपाला प्राधान्य द्यावे. कोकणातून येणारा कोकमतेलाचा गोळा हा आपल्याकडचा जुना आणि चांगला उपाय आहे. तो कडक असतो, म्हणून ओठावर घासू नये. बोटाच्या किंवा कोमट चमच्याच्या उबेने वितळवून मग लावावा. नुसते ग्लिसरीन कोरड्या हवेत पुरेसे नसते, त्यावर जेलीचा थर लागतो. बोरोग्लिसरीनमध्ये बोरिक ॲसिडचा अंश असतो, ते तान्ह्या बाळांच्या ओठांना लावू नये. एक वर्षाखालील बाळाला मधही चाटवू नये, मग तो ओठांसाठी असला तरी. लिंबू आणि साखरेने ओठ घासणे हे फुटलेल्या ओठांवर मिठागत झोंबते आणि चिरा वाढवते. राहिला बेंबीत तेल घालण्याचा उपाय. त्याने अपाय होत नाही, पण बेंबीतून ओठांपर्यंत तेल नेणारी वाट शरीरात नाही. तोच थेंब सरळ ओठांना लावणे अधिक फायद्याचे.

या दोन आठवड्यांत ओठ सुधारले, तर बंद केलेल्या वस्तू एकेक करून, मध्ये आठवडाभर जाऊ देऊन परत सुरू कराव्यात. ज्या वस्तूने त्रास पुन्हा उद्भवेल तिला कायमचा रामराम ठोकावा. सगळ्या एकदम सुरू केल्या, तर कोणती नडली ते कळणार नाही.

तिसरी : वारा, ऊन आणि स्कार्फ

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला दुचाकीवरून जाणाऱ्यांच्या ओठांवर थेट गार वारा आदळतो. हेल्मेटची काच खाली घ्यावी, हे सांगण्यासाठी औषधविक्रेता लागू नये, पण काच वर करून चालवणारेच ओठ दाखवायला येतात. तोंडाला स्कार्फ गुंडाळणाऱ्यांनी त्याचा ओठांना टेकणारा भाग हाताने चाचपून पाहावा. श्वासाने तो दमट झालेला असतो आणि प्रत्येक खड्ड्यागणिक ओठांवर घासत असतो. स्कार्फ सुती असावा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळलेला असावा आणि रोज बदलावा.

फाउंड्रीतल्या भट्टीपुढे किंवा हंगामात गुऱ्हाळाच्या चुलवाणावर काम करणाऱ्यांचे ओठ उष्णतेने सुकतात. त्यांनी काम सुरू करण्यापूर्वीच तूप किंवा जेली लावून घ्यावी; संध्याकाळी लावून दिवसाची भरपाई होत नाही.

उन्हाकडे थंडीत दुर्लक्ष होते, कारण ते हवेहवेसे वाटते. खालचा ओठ पुढे आलेला असल्याने ऊन वरच्यापेक्षा त्याच्यावर जास्त पडते. ऊसतोडीला किंवा शेतात दिवसभर असणाऱ्यांनी रुंद काठाची टोपी वापरावी किंवा डोक्यावरचे कापड पुढे ओढून घ्यावे, आणि शक्य असल्यास एसपीएफ 30 असलेला, बिनवासाचा बाम दर दोन तासांनी लावावा. साधी जेली पाणी राखते, ऊन अडवत नाही. नुसता खालचाच ओठ फुटत असेल, तर हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

चौथी : टूथपेस्ट आणि ताट

टूथपेस्टचा भरपूर फेस हा बहुधा सोडियम लॉरिल सल्फेटमुळे येतो, आणि तिचा झणका पुदिना, लवंग किंवा दालचिनीच्या तेलांमुळे. फुटलेल्या ओठांना दोन्ही झोंबतात. ब्रश करण्यापूर्वी ओठांना जेलीचे बोट फिरवावे, पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यावी आणि चूळ भरल्यावर ओठांचे कोपरे बोटाने धुवावेत, कारण वाळलेला फेस तिथेच चिकटून राहतो. एवढ्याने भागले नाही, तर तीन आठवड्यांपुरती पुदिना नसलेली आणि कमी फेसाची पेस्ट घ्यावी. फ्लोराइड असलेली पाहून घ्यावी, नाहीतर ओठ वाचवताना दात किडायचे.

मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू मळून खालच्या ओठात धरणाऱ्या माणसाचा ओठ कोणत्याही मलमाने बरा होणार नाही. चुना आणि तंबाखू तिथली कातडी रोज भाजून काढतात. अशांनी आणखी एक गोष्ट करून पाहावी. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटे उभी आत जातात का? जात नसतील, तर ओठांचा विषय बाजूला ठेवून दंतवैद्यांकडे किंवा मुखरोगतज्ज्ञांकडे जावे.

आता मिसळ. कोल्हापूरकराला ती सोडायला सांगणे व्यर्थ आहे, म्हणून मी सांगतही नाही. खाण्यापूर्वी ओठांना जेली लावल्यास लिंबाचा आणि मिठाचा दाह बऱ्यापैकी टळतो. तर्रीचा तिखटपणा मात्र तेलात विरघळतो, त्यामुळे जेली त्याला फार वेळ अडवू शकत नाही. खाऊन झाल्यावर ओठ खसाखसा न पुसता आधी दुधाने किंवा दह्याने टिपावेत आणि मग पाण्याने धुवावेत. चीर उघडी असेल, तेवढे दिवस पांढऱ्या रश्श्यावर भागवावे.

पाणी भरपूर प्या, हा सल्ला सर्व जण देतात. थंडीत पाणी कमी प्यायले जाते हे खरे, आणि लघवी गडद पिवळी होत असेल तर ते वाढवावे. पण एरवी पुरेसे पाणी पिणाऱ्याने आणखी दोन तांबे रिचवल्याने ओठ मऊ होत नाहीत. ओठाचे पाणी बाहेरून उडते, तेव्हा ते बाहेरूनच थोपवावे लागते.

पाचवी : नाक

सकाळी उठल्याबरोबर ओठ सर्वांत वाईट, घसा कोरडा आणि दिवस चढेल तसा आराम, असा क्रम असेल तर रात्री तोंडाने श्वास चालतो आहे. उशीवर लाळेचा डाग आणि घोरणे या त्याच्या खुणा आहेत. मूल झोपल्यावर तासाभराने जाऊन त्याचे तोंड उघडे आहे का ते पाहावे. अंगावरचा पंखा बंद करणे हा पहिला उपाय. नाक चोंदत असेल, तर झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब निर्धोक असतात. नाक झटकन मोकळे करणारे औषधी थेंब मात्र पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत, कारण त्यांचीच सवय लागून नाक उलट अधिक चोंदते. मूल बाराही महिने तोंड उघडे ठेवून झोपत असेल, तर नाकामागच्या गाठी वाढल्या आहेत का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पाहायला हवे.

सहावी : कोपरे आणि चालू औषधे

ओठांचे कोपरे वारंवार फाटत असतील, तर तिथे लाळ साचून बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग झालेला असतो. कवळी सैल झालेल्या आजी-आजोबांमध्ये हे नेहमी दिसते : कवळी झिजली की ओठ आत जातात, कोपऱ्यात घडी पडते आणि ती सदा ओली राहते. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी आणि दंतवैद्यांकडून नीट बसवून घ्यावी. जेलीने इथे ओलावा अडतो, संसर्ग जात नाही. कोपरे फाटण्याबरोबर दम लागणे, चेहरा फिका पडणे किंवा जीभ गुळगुळीत होणे असे काही असेल, तर रक्तातले हिमोग्लोबिन तपासावे. लोह आणि ब गटातील जीवनसत्त्वे कमी पडल्यानेही कोपरे फाटतात. तपासणीशिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची पाकिटे नेणारे पुष्कळ भेटतात. वारंवार होणाऱ्या अशा संसर्गामागे मधुमेहही असू शकतो, तो गोळ्यांच्या पाकिटाने कळत नाही.

औषधांच्या चिठ्ठीवरही नजर टाकावी. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे ओठ सुकतात. ते औषधाचे अपेक्षित लक्षण आहे. मुरुमांवरचे मलम रात्री पसरून ओठांपर्यंत येते. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंडच कोरडे पडते. यातले काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगून मात्रा ठरवावी.

आणि एक विनंती. खाज-गजकर्णासाठी घरात पडून असलेली, स्टिरॉइड मिसळलेली तीन-चार औषधांची एकत्र मलमे ओठांना लावू नयेत आणि दुकानात चिठ्ठीशिवाय मागूही नयेत. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून ती गुणकारी वाटतात. नंतर तोंडाभोवती बारीक पुरळ उठते, कातडी आणखी पातळ होते आणि मलम थांबवले की सगळे दुप्पट जोराने परतते.

इथे थांबून डॉक्टरांकडे जावे

वरील क्रम प्रामाणिकपणे पाळूनही तीन आठवड्यांत फरक नसेल, तर पुढचे प्रयोग थांबवावेत. ॲलर्जीचा संशय असल्यास त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून चाचणी करतात. पट्ट्या दोन दिवस ठेवतात, त्यानंतर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा तपासतात, आणि नेमका कोणता पदार्थ सोसत नाही ते ठरवतात. हे काम घरी होत नाही.

पुढील गोष्टींत तीन आठवडेही थांबू नये. ओठावरची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, ओठात कडक गाठ लागली, खालच्या ओठावर पांढरट खरखरीत चट्टा उठला किंवा ओठाची रेषा पुसट झाली, तर लगेच दाखवावे. वर्षानुवर्षे उन्हात काम केलेल्यांनी आणि तंबाखू खाणाऱ्यांनी तर एक दिवसही दवडू नये, कारण कर्करोगाची सुरुवात अशीच, न दुखता होऊ शकते. पू, ताप किंवा पसरत जाणारी लाली असेल, तर त्याच दिवशी जावे. ओठ अचानक टम्म सुजले आणि श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर दुकानात न येता 108 क्रमांकावर फोन करून रुग्णालय गाठावे.

खासगी तपासणीचा खर्च झेपत नसेल, तर सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवता येते. जाताना टूथपेस्ट, बाम, लिपस्टिक, घरातली मलमे आणि चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत, कारण घटकांची नावे डब्यावर छापलेली असतात आणि तोंडी सांगताना निम्मी राहून जातात. त्या दिवशी सकाळपासून ओठांना काहीही लावू नये.